पंप खरोखरच दोषी आहे काय?

कला शाखेच्या वार्षिकांकात मोटारीच्या पंपावर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. इतिहास आणि तर्कशास्त्र शिकणाऱ्यांना या तेलकट विषयाशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. पण पुरावा हाती येण्यापूर्वी निकाल देऊ नये, ही गोष्ट आपण वर्गात जितकी शिकतो तितकीच ती बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीपुढेही शिकता येते. शिवाय आपला परिसर असा आहे की हे ज्ञान वेळप्रसंगी उपयोगी पडावे. घुग्घुसला कोळशाची आणि सिमेंटची धूळ आहे. चंद्रपूरचा उन्हाळा पारा ४५ अंशांच्या वर नेतो. १९८२ साली वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तर असा, की आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या जंगलातल्या वाटेवर गाडी बंद पडली, तर फिटर शोधायला किती चालावे लागेल हे सांगता येत नाही.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. पेट्रोल पंप म्हटले की आपल्याला रस्त्याकडेचे पेट्रोल भरण्याचे ठिकाण आठवते. येथे अभिप्रेत आहे तो गाडीच्या इंजिनाला चिकटलेला, मुठीएवढा, मागच्या टाकीतले पेट्रोल पुढे कार्ब्युरेटरपर्यंत आणणारा पंप. आपल्याकडची फिटर मंडळी त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. गाडी थंड ठेवण्याच्या एसीशी त्याचा काहीही संबंध नाही. आल्बेर शांपियाँ (इंग्रजी उच्चारात अल्बर्ट चॅम्पियन) नावाचा एक फ्रेंच सायकलपटू अमेरिकेत गेला आणि त्याने फ्लिंट गावी स्पार्क प्लगचा कारखाना काढला. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे ए. सी. त्या छापाचे पंप इतके पसरले की नाव वस्तूलाच चिकटले, जसे आपण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसे.

आजच्या नव्या गाड्यांत हा पंप नाही. त्यांचा पंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आतच बुडालेला असतो. परंतु कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि पुढे तिचीच झालेली पद्मिनी, उत्तरपाड्याची अँबॅसिडर, महिंद्राची पेट्रोलवर चालणारी जुनी जीप, या पिढीचे पेट्रोल अशाच पंपाने वर चढत असे. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमचा निरोप घेतला. तरी हौशी माणसांनी जपलेल्या गाड्या अजून धावतात आणि त्यांच्यापैकी एखादी बंद पडली की जमलेल्या चार माणसांत एक जण हमखास म्हणतो, “पंप गेला!” हा निकाल बरोबर की चूक, हे कसे ठरवावे, एवढाच या लेखाचा विषय.

पंप हवाच कशाला?

लुना किंवा जुनी चेतक स्कूटर आठवा. तिची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते. कॉक उघडला की पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरते. पंपाची गरज नाही. आरंभीच्या मोटारींतही हीच सोय होती. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीची टाकी पुढच्या बैठकीखाली असे. टाकीत पेट्रोल कमी असताना खडा चढ आला की टाकी इंजिनाच्या मानाने खाली जाई आणि पेट्रोल पोहोचत नसे. तेव्हा चालक गाडी वळवून रिव्हर्स गिअरमध्ये, पाठमोरी चढवीत. हसू येते खरे, पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्यांचे अगदी बरोबर होते.

टाकी सुरक्षिततेसाठी गाडीच्या मागच्या भागात आणि खाली नेल्यावर पेट्रोल ओढून आणणे भाग पडले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाच्या बळावरच चालणारा पडद्याचा पंप रूढ झाला आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तोच जगभर टिकला.

आत काय असते?

लोहाराचा भाता ज्याने पाहिला आहे त्याला हा पंप कळायला वेळ लागणार नाही. भात्यात चामडे असते, येथे रबर चढवलेल्या कापडाचा पडदा असतो. त्यालाच डायफ्रॅम म्हणतात. इंजिनातील कॅमशाफ्टवर एक उंचवटा असतो. तो फिरताना पंपाचा दांडा, म्हणजे रॉकर आर्म, दाबतो आणि दांडा पडद्याला खाली ओढतो. वर पोकळी निर्माण होते. टाकीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतोच. तो पेट्रोलला पाइपातून पंपात ढकलतो. उंचवटा पुढे सरकला की पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर लोटते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. दोन लहान व्हॉल्व्ह असतात. एक फक्त आत येऊ देतो, दुसरा फक्त बाहेर जाऊ देतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढची सारी परीक्षा तिच्यावर उभी आहे. ओढण्याचे काम कॅम करतो, ढकलण्याचे काम स्प्रिंग करते. कार्ब्युरेटरचे भांडे भरले की त्यातला तरंगता फ्लोट वर येतो आणि सुईच्या आकाराची पिन पेट्रोलची वाट बंद करते. मग स्प्रिंगला ढकलायला जागाच उरत नाही. पडदा खालीच थांबतो आणि दांडा नुसताच हलत राहतो. म्हणजे इंजिन कितीही वेगाने फिरले तरी पेट्रोलचा दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे वाढत नाही. कोणतीही वीज, कोणतेही बटण नसताना पंप मागणीप्रमाणे पुरवठा करतो. साध्या युक्तीतली ही बुद्धी कौतुकास्पद आहे.

हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता जमिनीलगत, गॅरेजच्या खड्ड्यात साचते. म्हणून परीक्षा उघड्यावर करावी, इंजिन थंड असावे, जवळपास विडी-सिगारेट नसावी आणि वाळूची बादली हाताशी असावी. पेट्रोल बाटलीत घ्यायचे असेल तेव्हा लांब रबरी नळी लावून बाटली इंजिनापासून दूर, जमिनीवर ठेवावी. नुसता सेल्फ मारून पाहायचे असेल तर कॉइलकडे येणारी बारीक वायर आधी सोडवून ठेवावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. या चार गोष्टी आळसाने टाळण्यासारख्या नाहीत. पंप बिघडला तर नवा मिळतो, भाजलेला हात तसा मिळत नाही.

परीक्षा पहिली : डोळे आणि नाक

हत्यारे काढण्यापूर्वी नुसते पाहावे. पंपाच्या खालच्या भागाला एक बारीक भोक असते. तेथून पेट्रोल ठिबकत असेल तर पडदा फाटला आहे. तेल ठिबकत असेल तर आतली तेलाची सील गेली आहे. मग इंजिनातील ऑइलची पट्टी बाहेर काढून तिचा वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी न भरताच वाढलेली दिसत असेल, तर फाटक्या पडद्यातून पेट्रोल इंजिनात उतरत असण्याचा दाट संभव असतो. अशा गाडीला एक किलोमीटरही चालवू नये. पेट्रोलने पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना वंगण देऊ शकत नाही आणि स्वस्तातल्या पडद्यापायी सबंध इंजिन खोलण्याची पाळी येते. पडदा बदलल्यावर ऑइलही बदलले पाहिजे.

परीक्षा दुसरी : किती येते?

कार्ब्युरेटरला जोडलेला पाइप सोडवून तो बाटलीत सोडावा आणि सेल्फ मारावा. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना कॅम एकदा फिरतो, म्हणून पेट्रोलही तशाच ठेक्यात, जोरकस चुळीसारखे आले पाहिजे. नुसते थेंब आले किंवा फेस आला तर कोठेतरी खोट आहे.

मोजूनच पाहायचे असेल तर कार्ब्युरेटरच्या भांड्यात उरलेल्या पेट्रोलवर इंजिन मंद वेगाने थोडा वेळ चालते, तेवढ्यात मोजता येते. गाडीगणिक आकडे वेगळे असले तरी मिनिटाला सुमारे अर्धा लिटर हा सर्वसाधारण ठोकताळा धरतात. हा आकडा आपण तपासून पाहू. लिटरला १२ किलोमीटर जाणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिला तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर पेट्रोल लागते. पंपाची ताकद त्याच्या सहापट निघाली! याचा अर्थ असा की अर्धमेला झालेला पंपही गाडी गावात व्यवस्थित फिरवतो. चढावर, भरल्या गाडीत, वेग वाढवल्यावरच तो उघडा पडतो. “काल तर ठीक चालत होती” ही साक्ष म्हणूनच फारशी उपयोगाची नसते.

परीक्षा तिसरी : किती जोराने येते?

यासाठी कमी दाब दाखवणारा गेज टी-जोडाने पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये बसवतात. या पिढीच्या पंपांचा दाब साधारणतः दर चौरस इंचाला २ ते ४ पौंड असतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. चाकात आपण २४ पौंडांच्या आसपास हवा भरतो, त्यावरून हा दाब किती हलका आहे याची कल्पना येईल.

दाब कमी भरला तर स्प्रिंग दमली आहे किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. दाब जास्त असणे हाही दोषच आहे. चुकीच्या किटमधली ताठ स्प्रिंग पिनला ढकलून उघडते, कार्ब्युरेटर ओसंडतो, गाडी काळा धूर सोडते आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरला बोल लागतो. इंजिन बंद केल्यावर गेजचा काटा काही वेळ जागेवर राहिला पाहिजे. तो झरकन पडला तर पंपाचा व्हॉल्व्ह गळतो किंवा कार्ब्युरेटरची पिन गळते. दोघांत दोषी कोण हे ठरवण्यासाठी गेजच्या पुढची, कार्ब्युरेटरकडची रबरी नळी चिमट्याने दाबून धरावी. आता काटा स्थिर राहिला तर पंप निर्दोष आहे, तरीही पडला तर गळती पंपाकडची.

परीक्षा चौथी : ओढ किती?

टाकीकडचा पाइप सोडवून पंपाच्या त्या तोंडाला निर्वात मोजणारा गेज लावावा आणि सेल्फ मारावा. चांगला पंप साधारण १० इंच पाऱ्याएवढी ओढ दाखवतो आणि थांबल्यावर ती लगेच सोडत नाही. टॉरिसेलीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याची नळी उभी करून हवेचा दाब दाखवला, तेच मोजमाप आजही गॅरेजात चालते. पारा पेट्रोलच्या सुमारे अठरापट जड आहे. म्हणजे १० इंच पाऱ्याची ओढ पेट्रोलला हिशेबाने साडेचार मीटर उंच चढवू शकते. टाकी आणि पंप यांच्यात एवढा उंचसखलपणा कोणत्याच मोटारीत नसतो. गेज नसेल तर त्या तोंडावर बोट ठेवावे. बोट ओढले गेले आणि धरून ठेवले गेले तर पडदा आणि व्हॉल्व्ह पुष्कळ अंशी ठीक आहेत.

परीक्षा पाचवी : पंपाला वगळून पाहा

मला सर्वांत बोलकी वाटते ती ही परीक्षा. एका लहान, स्वच्छ डब्यात पेट्रोल घेऊन पंपाचे आत घेणारे तोंड रबरी नळीने त्या डब्याला जोडावे. टाकी आणि लांब पाइप यांना सुट्टी. आता पंप व्यवस्थित काम करू लागला तर तो निर्दोष आहे; दोष मागे आहे. कोठे असेल? पाइपाला बारीक चीर पडून तो हवा घेत असेल. अशी चीर फसवी असते, कारण ओढीच्या बाजूला असल्याने तिच्यातून पेट्रोल बाहेर गळताना दिसत नाही, हवा मात्र आत शिरते. टाकीतला गंज गाळणीत अडकला असेल. किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असेल.

या शेवटच्या कारणाकडे घुग्घुसकरांनी विशेष लक्ष द्यावे. पेट्रोल बाहेर गेले की त्याची जागा घ्यायला टाकीत हवा शिरली पाहिजे. जुन्या गाड्यांच्या झाकणाला त्यासाठी सुईएवढे छिद्र असते. कोळशाची भुकटी आणि सिमेंटची धूळ यांनी ते बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून थकतो. समजा, अशी गाडी वीस किलोमीटरवर बंद पडली. मालकाने नवा पंप बसवला. बसवताना खटपटीत अर्धा तास गेला, तेवढ्यात झिरपत झिरपत टाकीत हवा शिरली आणि गाडी चालू झाली. सर्वांना वाटले, रोग सापडला. पुढच्या वीस किलोमीटरवर गाडी पुन्हा उभी. खर्च झाला तो झाला, वर चांगला पंप भंगारात गेला. म्हणून पंपाला दोष देण्यापूर्वी झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा आवाज येऊन हवा आत गेली तर खटल्याचा निकाल तेथेच लागला.

उन्हाळ्याचा साक्षीदार

आपल्या भागात आणखी एक निरपराध कैद सुटवावी लागते. मे महिन्यात दुपारी गाडी गुदमरून बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच न करता चालू होते. पेट्रोल हे एकच द्रव्य नाही, अनेक द्रव्यांचे मिश्रण आहे. त्यातील हलका भाग ३५-४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतो. त्यातून पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब कमी असतो, आणि डोंगरावर पाणी जसे कमी उष्णतेवर उकळते तसे येथे पेट्रोल लवकर उकळते. पाइपात वाफेचे बुडबुडे धरतात. पडदा त्या वाफेला नुसता दाबतो आणि सोडतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवीत ते यासाठीच. तीच उत्तम परीक्षाही आहे. ओल्या फडक्याने पंप गार केल्यावर गाडी चालू झाली तर रोग उष्णतेचा. मग पंप आणि इंजिन यांच्यातला उष्णता अडवणारा जाड गॅस्केट जागेवर आहे की कोणी काढून फेकला, पाइप सायलेन्सरच्या नळीला चिकटला आहे काय, हे पाहावे. पण येथेही सावध राहिले पाहिजे. गॅस्केट वाजवीपेक्षा जाड घातला तर दांडा कॅमपासून दूर जातो, पडद्याची हालचाल कमी होते आणि दुसरा रोग जडतो. नव्या गाड्यांचा पंप टाकीत बसवण्यामागे हाही एक फायदा आहे. तो पेट्रोल ओढत नाही, मागून ढकलतो. दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही.

एक नवे कारणही आता विचारात घेतले पाहिजे. २०२५ साली आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात पोहोचले. पन्नास वर्षांपूर्वीच्या पंपाचा पडदा त्या मिश्रणासाठी बनवलेला नव्हता. इथेनॉलने जुने रबर फुगते, मऊ पडते किंवा तडकते. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही सोडवते. तो गाळणीत येऊन बसतो. तेव्हा जुन्या गाडीला किट घेताना पडदा इथेनॉल सोसणारा आहे ना, हे विचारून घ्यावे आणि गाळणी पूर्वीपेक्षा लवकर साफ करावी.

तात्पर्य

या पाच परीक्षांचा क्रम मुद्दाम तसा आहे. आधी पाहणे, मग मोजणे, मग एकेकाला वगळणे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कदाचित चालू होईल, पण कशामुळे चालू झाली हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी आपण तितकेच अज्ञानी राहू. पंप, टाकी, पाइप, झाकण, कार्ब्युरेटर, ऊन असे सहा आरोपी समोर असताना जो सर्वांत सहज हाती लागतो त्यालाच शिक्षा करणे ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. ती केवळ गॅरेजात दिसते असे नाही.

गेज विकत घेणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण बाटली, रबरी नळी, ओले फडके आणि स्वतःचे बोट ही साधने सिरोंच्याच्या वाटेवरही जवळ बाळगता येतात. त्यांच्या जोडीला थोडा धीर असला म्हणजे पुरे. पुढच्या वेळी कोणी “पंप गेला” असे छातीठोकपणे सांगू लागला, तर वाचकांनी त्याला आदराने एवढेच विचारावे, “टाकीचे झाकण उघडून पाहिले का?”